सामायिक बिल्डमध्ये नव्या लायब्ररीच्या टेस्ट जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी प्लस प्लसचा एक मोठा रेपो (कोडचं सामायिक भांडार), त्यात बऱ्याच टीम काम करतात, बिल्ड सीमेकवर, म्हणजे कोड कसा बिल्ड करायचा ते ठरवणाऱ्या साधनावर. विचारणाऱ्याने त्यात एक नवी लायब्ररी आणली. ती एकटी बिल्ड केली तर तिच्या सगळ्या टेस्ट पास होतात. मुख्य रेपोत टाकली की सीटेस्ट (सीमेकसोबत येणारं, टेस्ट चालवणारं साधन) म्हणतं, टेस्टच सापडल्या नाहीत. खटपट करून त्या दिसायला लागल्या, तर टार्गेटच्या (बिल्डने बनवायच्या प्रोग्रामच्या किंवा लायब्ररीच्या) नावावरून दुसऱ्याच टीमचा बिल्ड तुटला. तेही निस्तरलं, तर आता सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेवर) काही टेस्ट कधी पास, कधी फेल. शेवटी लीड म्हणाला, "टेस्ट बंद ठेव, लायब्ररी तर चालतेय ना." हे बरोबर आहे का, आणि नसेल तर टेस्ट जोडायच्या कशा?

लीडवर रागावू नका. त्याला दिसतंय ते चुकीचं नाही. सामायिक बिल्डमध्ये टेस्ट टाकणं म्हणजे तिथल्या प्रत्येकाच्या वेळेवर हक्क सांगणं. तुमची टेस्ट फेल झाली की ज्याने तुमच्या लायब्ररीचं नावही ऐकलेलं नाही त्याचा मर्ज, म्हणजे त्याचा बदल मुख्य कोडमध्ये जाणं, अडतो. त्यामुळे आधी उत्तर द्यायचं ते या प्रश्नाचं: ही टेस्ट लाल झाली तर कोण थांबणार, आणि ती दुरुस्त कोण करणार? हे ठरलं की सीमेकचं वायरिंग दुपारभराचं काम आहे. हे न ठरवता केलेलं वायरिंग दोन महिन्यांत कुणीतरी कॉमेंट करून टाकतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण प्रश्नात ते आलेलं नाही. ही लायब्ररी तुमची, की बाहेरून आणलेली ओपन सोर्स? दोन्हीची वाट वेगळी आहे.

बाहेरची असेल तर तिच्या सगळ्या टेस्ट प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल आत घेण्याच्या विनंतीवर) चालवायचं काही कारण मला दिसत नाही. तो कोड तुमच्याकडे रोज बदलत नाही, मग रोज तपासून नवं काय कळणार? पण त्या कधीच चालवायच्या नाहीत, हेही मला पटत नाही. मूळ लेखकांनी ती त्यांच्या कंपायलरवर, त्यांच्या फ्लॅगनी तपासलेली असते. तुमचा ऑप्टिमायझेशनचा स्तर वेगळा, स्टँडर्ड वेगळं, कदाचित प्रोसेसरही वेगळा. म्हणून आवृत्ती बदलली किंवा कंपायलर बदलला की तिचा पूर्ण संच एकदा चालवायचा, आणि एरवी रात्रीच्या बिल्डमध्ये. पुल रिक्वेस्टवर मात्र तुमच्याच हाताने लिहिलेल्या चार-पाच छोट्या टेस्ट ठेवा: लायब्ररीचा जेवढा भाग तुम्ही खरंच वापरता तेवढ्याच भागाच्या. आवृत्ती वाढवल्यावर वागणूक बदलली तर आधी ओरडतात त्या याच.

लायब्ररी तुमची असेल तर टेस्ट पुल रिक्वेस्टवर हव्यातच. इथून पुढचं बहुतेक लिखाण याच बाजूचं आहे. (आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. फाईलमध्ये अर्थात शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर असतो.)

पहिलं लक्षण: टेस्ट सापडतच नाहीत. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. 'इनेबल टेस्टिंग' ही आज्ञा लायब्ररीच्या फोल्डरमध्ये आहे, रेपोच्या मुळाशी असलेल्या फाईलमध्ये नाही. सीमेक काय करतं ते पाहिलं की गोष्ट उलगडते. टेस्टिंग चालू असलेल्या प्रत्येक बिल्ड फोल्डरमध्ये ते 'सीटेस्ट-टेस्टफाईल' नावाची छोटी फाईल लिहितं. मुळातली फाईल खालच्या फोल्डरांची नावं सांगते, ते त्यांच्या खालची, अशी साखळी. सीटेस्ट मुळाशी उभं राहून ही साखळी धरत खाली उतरतं. मुळात आज्ञाच नसेल तर पहिली कडीच नाही, मग खाली शेकडो टेस्ट असल्या तरी त्याला कळणार कुठून? लायब्ररी एकटी बिल्ड करता तेव्हा तिचं फोल्डर हेच मूळ असतं, म्हणून तिथे सगळं दिसतं.

यात क्रमही महत्त्वाचा. 'इनेबल टेस्टिंग' ही 'अ‍ॅड सबडिरेक्टरी'च्या ओळींच्या, म्हणजे खालची फोल्डरं बिल्डमध्ये जोडणाऱ्या ओळींच्या, वर हवी. तिच्या आधी जोडलेल्या फोल्डरांना टेस्टिंग चालू असल्याचा पत्ताच लागत नाही. अर्ध्या लायब्ररींच्या टेस्ट दिसतात आणि अर्ध्यांच्या नाहीत, असा गोंधळ दिसला तर पहिली नजर इथे टाका.

या प्रकारात सगळ्यात वाईट काय आहे माहीत आहे का? एकही टेस्ट सापडली नाही तर सीटेस्ट 'नो टेस्ट्स वेअर फाउंड' असं तीन उद्गारचिन्हांसकट छापतं, आणि शून्य हा एक्झिट कोड (म्हणजे 'सगळं ठीक' असा निरोप) देऊन निघून जातं. सीआय शून्य पाहतं आणि हिरवं होतं. मी असे जॉब पाहिले आहेत जे महिनोन् महिने हिरवे होते आणि आत काहीच चालत नव्हतं. सीमेक ३.१२ पासून सीटेस्टला 'नो-टेस्ट्स' नावाचा पर्याय आहे, त्याची किंमत 'एरर' द्या. सामायिक बिल्डच्या सीआय स्क्रिप्टमध्ये मी सगळ्यात आधी ही एक गोष्ट टाकतो, बाकी नंतर.

दुसरं लक्षण, नावांची मारामारी. सीमेकमध्ये टार्गेटची नावं संपूर्ण बिल्डभर एकच असावी लागतात, फोल्डर वेगळं असलं तरी. तुमच्या लायब्ररीत 'युनिट टेस्ट्स' नावाचं टार्गेट, शेजारच्या टीमकडेही तेच, झालं. टार्गेटला लायब्ररीचं नाव आधी लावा आणि विषय संपवा. टेस्टच्या नावांचं मात्र उलटं आहे. वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन टेस्ट असल्या तर सीमेक तक्रार करत नाही. मग रिपोर्टमध्ये 'पार्सर-एम्प्टी-इनपुट' फेल झालेली दिसते आणि ती नक्की कुणाची यावर चॅटवर अर्धा तास जातो. तिलाही उपसर्ग लावा. 'जीटेस्ट डिस्कव्हर टेस्ट्स' (गूगलटेस्ट या टेस्ट लिहिण्याच्या लायब्ररीतल्या टेस्ट शोधून सीटेस्टला देणारी आज्ञा) वापरत असाल तर त्यात टेस्ट-प्रीफिक्सचा पर्याय तयार आहे.

स्विचांचीही तीच गत. 'बिल्ड टेस्टिंग' हा स्विच सीटेस्ट मॉड्यूल आणल्यावर आपोआप येतो आणि तो सगळ्यांचा मिळून एकच असतो. तुमच्या टेस्ट फक्त त्यावर टांगल्या तर कुणी स्वतःसाठी तो बंद केला की तुमच्याही गेल्या. लायब्ररीच्या नावाचा स्वतंत्र स्विच ठेवा. त्याची मूळ किंमत काय असावी? 'प्रोजेक्ट इज टॉप लेव्हल' हे व्हेरिएबल सीमेक ३.२१ पासून मिळतं, लायब्ररी स्वतंत्रपणे बिल्ड होते आहे की दुसऱ्याच्या पोटात, हे ते सांगतं. स्वतंत्र असेल तर टेस्ट चालू, पोटात असेल तर बंद, आणि सामायिक रेपोच्या मुळातल्या फाईलमध्ये एका ओळीत मुद्दाम चालू करायच्या. असं केलं की उद्या कुणी तिसऱ्याने तुमची लायब्ररी वापरायला घेतली तरी त्याच्या गळ्यात तुमच्या टेस्ट पडत नाहीत. आणि लायब्ररीच्या फाईलमध्ये 'बिल्ड शेअर्ड लिब्ज'सारखे सर्वांचे पर्याय घोषित करत असाल तर ते काढा. ती किंमत सीमेकच्या कॅशमध्ये (अख्ख्या बिल्डसाठी जपून ठेवलेल्या सेटिंगांमध्ये) जाते आणि तुमच्यानंतर येणाऱ्या सगळ्या फोल्डरांवर लागू होते. स्वतःच्या घराचा मेन स्विच बंद करायला जाऊन अख्ख्या इमारतीचे दिवे घालवण्यातला हा प्रकार.

तिसरं म्हणजे 'एकटी असताना पास, एकत्र आल्यावर फेल'. यातला नेहमीचा संशयित मी आधीच सांगतो: 'सीमेक सोर्स डिर'. हे व्हेरिएबल नेहमी सगळ्यात वरच्या फोल्डरकडे बोट दाखवतं. लायब्ररी एकटी असताना ते फोल्डर म्हणजे लायब्ररीच, म्हणून टेस्ट डेटाचा पाथ बरोबर लागतो. मोठ्या रेपोत तेच बोट रेपोच्या मुळाकडे वळतं आणि नमुन्याच्या फाईली सापडत नाहीत. त्याजागी 'प्रोजेक्ट सोर्स डिर' किंवा 'सीमेक करंट सोर्स डिर' लिहा. अख्ख्या लायब्ररीत एकदा शोधून पाहा, हे व्हेरिएबल टेस्टखेरीज इतरत्रही डोकावत असतं. टेस्ट जर चालू फोल्डर गृहीत धरून सापेक्ष पाथने फाईल उघडत असेल तर 'वर्किंग डिरेक्टरी' स्पष्ट सांगा, नाहीतर ती बिल्ड फोल्डरमध्ये उभी राहून चालते.

गूगलटेस्टच्या दोन प्रतींचा घोळ वेगळा. लायब्ररीने स्वतःच्या पोटात गूगलटेस्ट आणलेलं असतं, सबमॉड्यूल (आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून किंवा 'फेच कन्टेंट'ने (बाहेरचा कोड उतरवून घेणाऱ्या सीमेकच्या सोयीने). रेपोत आधीच एक असतं. सबमॉड्यूल असेल तर 'जीटेस्ट' टार्गेटच्या नावावरूनच बिल्ड थांबतो, जे बरंच आहे, निदान कळतं तरी. 'फेच कन्टेंट'मध्ये एकाच नावाची पहिली घोषणा जिंकते आणि नंतरची गुपचूप दुर्लक्षिली जाते. म्हणजे तुमची लायब्ररी एका आवृत्तीवर लिहिलेली आणि चालते दुसरीवर. हा फरक नुसता कागदोपत्री नाही: गूगलटेस्ट १.१३ ला किमान सी प्लस प्लस १४ लागतं, १.१७ ला सी प्लस प्लस १७. तुमचा रेपो जुन्या स्टँडर्डवर असेल आणि नवी लायब्ररी ताजं गूगलटेस्ट घेऊन आली, तर तुटणार दुसऱ्यांच्या टेस्ट आणि नाव लागणार तुमचं. नियम सरळ ठेवा: गूगलटेस्ट रेपोच्या मुळातून एकच. लायब्ररीने आधी ते टार्गेट आहे का पाहायचं, असेल तर तेच वापरायचं, नसेल तरच स्वतःचं आणायचं.

आणखी एक गोष्ट, विंडोजवर बिल्ड असेल तरच वाचा. लायब्ररीच्या आतल्या, बाहेर न दाखवलेल्या फंक्शनांवर टेस्ट असतील तर लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी केली तरी त्या लिंक होतात, कारण तिथे सगळी सिम्बॉल (फंक्शनांची वगैरे नावं) मुळातच बाहेर दिसतात. विंडोजवर डीएलएलमधून (तिथल्या शेअर्ड लायब्ररीतून) जे मुद्दाम एक्स्पोर्ट केलं तेवढंच दिसतं, म्हणून लिंकर तक्रार करतो. त्यासाठी फंक्शनं एक्स्पोर्ट करत सुटू नका. आतला कोड स्टॅटिक किंवा ऑब्जेक्ट लायब्ररी म्हणून वेगळा काढा आणि डीएलएल व टेस्ट दोघांना तो द्या.

आता 'कधी पास, कधी फेल'. इथे जरा थांबू, कारण लीडची खरी भीती इथे आहे.

माझा अंदाज, एकट्या लायब्ररीत तुम्ही टेस्टचा बायनरी सरळ चालवत होता. म्हणजे एकच प्रोसेस, टेस्ट एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. सामायिक बिल्डमध्ये 'जीटेस्ट डिस्कव्हर टेस्ट्स' लावलं की चित्र पालटतं. आता प्रत्येक टेस्ट केस ही सीटेस्टची स्वतंत्र टेस्ट, स्वतंत्र प्रोसेस, आणि सीआय त्या एका वेळी आठ-आठ, सोळा-सोळा चालवतं. दोन टेस्ट एकाच नावाची तात्पुरती फाईल लिहीत असतील तर एरवी त्या कधीच भेटल्या नसत्या, आता भेटतात. ८०८० पोर्टवर सर्व्हर उभा करणाऱ्या दोन टेस्ट एकमेकींना धक्का मारतात. आधीच्या टेस्टने भरून ठेवलेल्या ग्लोबल व्हेरिएबलवर बसलेली टेस्ट तर प्रत्येक वेळी फेल होते, ती बिचारी प्रामाणिक. त्रास देतात त्या आधीच्या दोन जाती.

ओळखायचं कसं? आधी सीटेस्ट एका वेळी एकच टेस्ट, असं चालवा. मग समांतर, आणि 'शेड्यूल रँडम'ने क्रम पिसून. एकेक चालवल्यावर सगळं हिरवं आणि समांतर चालवल्यावर लाल, तर कुठलीतरी गोष्ट वाटून वापरली जाते आहे हे नक्की. संशयित टेस्टवर 'रिपीट अनटिल फेल' लावा, ती फेल होईपर्यंत पुन्हापुन्हा चालते, सीमेक ३.१७ पासून हे 'रिपीट' पर्यायाच्या खाली आहे. तात्पुरत्या फाईलला प्रत्येक टेस्टने स्वतःचं फोल्डर करावं. पोर्टसाठी शून्य मागा, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते, मग तो नंबर क्लायंटला सांगा. काही गोष्टी खरोखरच एक असतात, जोडलेलं एखादं उपकरण किंवा टेस्टचा एकमेव डेटाबेस. अशा टेस्टवर 'रिसोर्स लॉक' ही प्रॉपर्टी लावा. त्याच नावाचा लॉक असलेल्या दोन टेस्ट सीटेस्ट एकाच वेळी चालवत नाही, बाकीच्या चालूच राहतात. 'रन सीरियल' हा हातोडा आहे, ती टेस्ट चालू असताना दुसरी कुठलीच चालत नाही. तो शेवटचा उपाय.

याच 'डिस्कव्हर'चे आणखी दोन चटके. टेस्टची यादी काढण्यासाठी ते बिल्डच्या शेवटी तुमचा बायनरी खरोखर चालवतं, आणि त्याला पाच सेकंदांची मुदत असते. सीआयच्या गर्दीतल्या मशीनवर जड बायनरी असला, ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मोठा डेटा वाचत असला, तर मुदत उलटते आणि बिल्ड पडतो. एआरएमसाठी क्रॉस कंपाइल करत असाल तर तो बायनरी होस्टवर चालणारच नाही, एम्युलेटर सांगितलेला नसेल तर. सीमेक ३.१८ पासून शोधाची वेळ 'प्री टेस्ट' ठेवता येते, म्हणजे यादी बिल्डऐवजी टेस्ट चालवताना काढली जाते. सामायिक रेपोत मी तीच ठेवतो. दुसरा चटका: रिपोर्टमध्ये शेवटी 'नॉट बिल्ट' असं शेपूट लागलेलं टेस्टचं नाव दिसलं तर गोंधळू नका. तो बायनरी बिल्डच झालेला नाही. बहुधा लायब्ररीचं फोल्डर 'एक्सक्लूड फ्रॉम ऑल' (नेहमीच्या बिल्डमधून वगळा) लावून जोडलं आहे. सीटेस्ट स्वतः काही बिल्ड करत नाही, समोर असेल ते चालवतं.

प्रत्येक केस वेगळी ठेवायची की अख्खा बायनरी एक टेस्ट म्हणून? सुटसुटीत युनिट टेस्ट असतील तर वेगळी, कारण रिपोर्ट स्पष्ट येतो. पण संचाच्या सुरुवातीला एकदाच करायची महागडी तयारी असेल, मॉडेल लोड करणं वगैरे, तर वेगळ्या प्रोसेसमध्ये ती तयारी प्रत्येक केसला नव्याने होते आणि दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. तिथे साध्या 'अ‍ॅड टेस्ट'ने पूर्ण बायनरी एकच ठेवा. मुदतही स्वतः लावा. सीटेस्ट मॉड्यूल घेतलं असेल तर ठरलेली मुदत १५०० सेकंद आहे, म्हणजे अडकलेली एक टेस्ट सगळ्यांचा रांगेतला जॉब २५ मिनिटं धरून बसू शकते. युनिट टेस्टला ३० सेकंद पुष्कळ झाले.

म्हणजे क्रम असा झाला: मुळातून टेस्ट दिसतील असं करा, नावं आणि स्विच आपल्यापुरते ठेवा, गूगलटेस्ट एकच, मग समांतर चालवून कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट शोधा. आता लीडकडे जा.

त्याला 'टेस्ट चालू कर' असं सांगू नका, टप्पा मागा. सगळ्या टेस्टना लायब्ररीच्या नावाचं लेबल लावा, आणि जड असतील त्यांना 'नाइटली' हे दुसरं. सीटेस्टमध्ये लेबलने टेस्ट निवडताही येतात आणि वगळताही. रात्री आणि दिवसा वेगळं चालवण्याची ही पद्धत सीमेकच्या घरचीच आहे. २००० च्या सुमारास आयटीके या वैद्यकीय प्रतिमांच्या लायब्ररीसाठी सीमेक बनलं, आणि अजूनही सीटेस्ट मॉड्यूल आणलं की 'नाइटली', 'कंटिन्युअस', 'एक्सपेरिमेंटल' ही टार्गेटं न मागता येऊन बसतात. पहिले काही आठवडे तुमचं लेबल वेगळ्या जॉबमध्ये चालू दे, फेल झालं तरी मर्ज अडवायचा नाही, निरोप फक्त तुमच्या टीमला. या काळात कोडशी संबंध नसताना एकही टेस्ट लाल झाली नाही, हे जॉबच्या इतिहासात दाखवता आलं की अडवणाऱ्या जॉबमध्ये जागा मागा. ज्या टेस्ट तोवर सुधारल्या नाहीत त्यांना कॉमेंट करू नका, 'डिसेबल्ड' प्रॉपर्टी लावा. त्या चालत नाहीत, पण रिपोर्टमध्ये बंद म्हणून दिसत राहतात, कुणी विसरू शकत नाही. बाजूला टिकिटाचा नंबर लिहा. आणि कोडओनर्स फाईलमध्ये (कुठल्या फोल्डरची जबाबदारी कुणाची हे सांगणाऱ्या) त्या फोल्डरसमोर तुमच्या टीमचं नाव घाला. माझ्या अनुभवात लीड लोकांचा विरोध टेस्टना फारसा नसतो, बेवारस टेस्टना असतो. नाव दिसलं की निम्मी चर्चा तिथेच संपते.

पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी एक तपासणी करा. लायब्ररी एकटी बिल्ड करून सीटेस्टला 'डॅश एन' द्या, ते काही न चालवता नुसती यादी आणि खाली एकूण आकडा छापतं. मग मुख्य रेपो पूर्ण बिल्ड करून तुमचं लेबल लावून तेच करा. दोन्ही आकडे जुळायला हवेत. मुख्य रेपोत कमी आले तर आधी 'अ‍ॅड सबडिरेक्टरी'चा क्रम पाहा, मग 'नॉट बिल्ट'ची नावं. जास्त आले तर बाहेरच्या कुठल्यातरी डिपेंडन्सीच्या टेस्ट तुमच्या लेबलखाली आत आल्या आहेत, तिच्या स्विचचं नाव शोधून तो मुळातल्या फाईलमध्ये बंद करा, 'अ‍ॅड सबडिरेक्टरी'च्या ओळीच्या वर.